वॉन्स्टेडची पाडलेली हवेली आणि आपली मुंबई : इंग्लंडमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
लंडन आणि परिसरातील मराठी मंडळांचे पदाधिकारी व इतिहासप्रेमी सभासद यांस

विषय : वॉन्स्टेड हाउसच्या जागेला अभ्यासभेट देण्याबाबत आणि त्या हवेलीच्या इतिहासाची मराठीत नोंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की आपल्या मंडळांच्या सहलींची आखणी सुरू होते आणि इथल्या जुन्या उमराव घराण्यांपैकी कुणाची तरी हवेली त्या यादीत असतेच. भारतातून आलेले आईवडील, इथेच जन्मलेली मुले, घरून नेलेले डबे आणि हवेलीसमोरच्या हिरवळीवरची पंगत हा आपल्या परदेशातल्या आयुष्याचा आनंदाचा भाग आहे आणि तो तसाच राहावा. माझी विनंती एवढीच आहे की यंदाच्या सहलींपैकी एक सहल आपण अशा हवेलीच्या जागी न्यावी, जी १८२५ सालापासून अस्तित्वातच नाही. पूर्व लंडनमधल्या वॉन्स्टेड हाउसविषयी मी लिहीत आहे. तिथे पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. तरीही मुंबई बेटाचा, सिद्दीच्या वेढ्याचा आणि असईच्या रणांगणाचा इतिहास ज्या एकाच वास्तूपाशी येऊन भेटतो, अशी दुसरी वास्तू इंग्लंडमध्ये सहज सापडणार नाही.

इंग्रजीत या हवेलीची हकीकत बहुधा एका श्रीमंत वारसदार तरुणीची आणि तिच्या उधळ्या नवऱ्याची म्हणून सांगितली जाते. ती हकीकत खरी आहे आणि मनाला चटका लावणारीही आहे, परंतु ती फार उशिरा सुरू होते. आपण ती सव्वाशे वर्षे आधीपासून वाचली पाहिजे, कारण हवेली उभी राहण्याआधी जो पैसा उभा राहिला, त्याच्या हिशेबात मुंबईचा किल्ला आहे, शिवडी आहे आणि माझगाव आहे.

वॉन्स्टेड हे एपिंगच्या जंगलाच्या दक्षिण टोकाचे गाव. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मर्जीतला सरदार, लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली, याची हवेली इथे होती आणि १५७८ साली राणीला अंधारात ठेवून त्याने लेटिस नॉलिसशी लग्न लावले तेही इथेच. पुढे १६७३ च्या सुमारास ही जहागीर जोसाया चाइल्ड याने विकत घेतली. चाइल्ड हा जन्माने उमराव नव्हता. तो लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. पोर्ट्समथ इथे आरमाराला रसद पुरवून आणि बिअरच्या धंद्यातून त्याने पहिली माया जमवली, ईस्ट इंडिया कंपनीचे भाग घेतले, तिच्या संचालक मंडळावर आला, १६७८ मध्ये बॅरोनेट झाला आणि १६८१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर. मधली काही वर्षे तो डेप्युटी गव्हर्नर होता, तरी १६८० च्या सबंध दशकात कंपनीचे धोरण म्हणजे जोसाया चाइल्डचे धोरण असे म्हणण्यास हरकत नाही.

जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने १६८३ च्या मार्चमध्ये वॉन्स्टेडला भेट दिली. चाइल्डने अक्रोडाची झाडे लावण्यावर आणि मैलोगणती पसरलेली मत्स्यतळी खोदण्यावर किती अफाट खर्च चालवला आहे याची त्याने नोंद केली, आणि एकाएकी पैसेवाले झालेले लोक असल्या उजाड जागीच घरे करतात, असा शेराही मारला. आता त्याच वर्षी मुंबईत काय चालले होते ते पाहावे. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालकडून दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आले होते आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले होते. बेट राखायचे तर फौज हवी आणि फौजेला पगार हवा. चाइल्डच्या कारभारात लंडनहून सतत काटकसरीचे हुकूम सुटत होते, मुंबईच्या शिबंदीचे पगार आणि भत्ते कापले जात होते. शेवटी २७ डिसेंबर १६८३ रोजी शिबंदीचा कप्तान रिचर्ड केग्विन याने बंड केले, कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला कैदेत टाकले आणि किल्ला थेट राजाच्या नावाने ताब्यात घेतला.

हा केग्विन आपल्याला अनोळखी नाही. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मराठा आरमाराशी लढणाऱ्या इंग्रजी ताफ्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. बंडानंतर जवळजवळ वर्षभर त्याने मुंबईचा कारभार पाहिला आणि त्या काळात, १६८४ मध्ये, छत्रपती संभाजी महाराजांशी तहही केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर त्याने किल्ला खाली केला. वॉन्स्टेडचे अक्रोड आणि मुंबईच्या शिपायांचे कापलेले पगार या एकाच वर्षातल्या, एकाच माणसाच्या निर्णयकक्षेतल्या गोष्टी आहेत. एकाचा पैसा थेट दुसरीकडे गेला असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणूही नये. परंतु कंपनीचा नफा भागधारकांना लाभांशाच्या रूपाने मिळत असे, चाइल्ड तिच्या सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक होता आणि सात समुद्रांपलीकडच्या शिबंदीवर वाचवलेला प्रत्येक शिलिंग त्या नफ्यात जमा होत होता. हे गणित समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

यानंतरचा भाग अधिक गंभीर आहे. चाइल्डला केवळ व्यापार पुरेसा वाटत नव्हता. हिंदुस्थानात कंपनीने मुलकी आणि लष्करी सत्ता उभारावी, भक्कम महसूल मिळवावा आणि त्यावर इंग्रजांच्या कायमच्या राज्याचा पाया घालावा, असे कंपनीच्या संचालकांनी डिसेंबर १६८७ मध्ये आपल्या हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवले. प्लासीच्या लढाईला तेव्हा सत्तर वर्षे अवकाश होता. त्याच्या आधीच, १६८६ मध्ये, चाइल्डने राजाची परवानगी काढून मोगल बादशाहीविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि बंगालकडे लढाऊ जहाजे धाडली होती. पश्चिम किनाऱ्यावर सुरत आणि मुंबईचा प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडायला सुरुवात केली. आडनाव एकच असल्यामुळे हे दोघे भाऊ असल्याचे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते, परंतु ते भाऊ नव्हते. इतिहासात हे युद्ध चाइल्डचे युद्ध म्हणूनच ओळखले जाते.

औरंगजेबाने काय केले हे मुंबईकरांना ठाऊक असायला हवे. फेब्रुवारी १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, त्याने माझगाव घेतले, माहीम घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. हा वेढा जून १६९० पर्यंत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ चालला. याच फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी संगमेश्वर इथे संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले होते. त्यामुळे आपल्या इतिहासलेखनाची नजर साहजिकच तिकडे लागलेली असते आणि मुंबईचा वेढा एखाद्या तळटीपेत उरतो. कंपनीने अखेर शरणागती पत्करली. तिच्या वकिलांना हात बांधलेल्या स्थितीत बादशहासमोर लोटांगण घालावे लागले, दीड लाख रुपये दंड भरण्याची आणि पकडलेला माल परत करण्याची अट मान्य करावी लागली आणि जॉन चाइल्डला काढून टाकण्याचे वचन द्यावे लागले. ते वचन पाळण्याची वेळ आली नाही, कारण फेब्रुवारी १६९० मध्ये तो मुंबईतच मरण पावला. सिद्दीची माणसे जाताना माझगावचा कोट जाळून गेली, आणि पाठोपाठ बेटावर रोगराई आली. हे सारे ज्यांच्या शेतातून आणि होड्यांवरून गेले, त्या कोळी, भंडारी आणि कुणबी रहिवाशांना लंडनमधल्या कंपनीच्या सभागृहाचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

युद्ध हरले तरी युद्ध पुकारणाऱ्याच्या घराला झळ लागली नाही. जोसाया चाइल्ड १६९९ मध्ये वारला तो अतिशय श्रीमंत म्हणूनच. या श्रीमंतीवर त्याचा मुलगा रिचर्ड चाइल्ड याने वॉन्स्टेड हाउस बांधले. आधी १७०६ च्या सुमारास जॉर्ज लंडन या उद्यानरचनाकाराकडून बागा आखून घेतल्या आणि मग १७१५ च्या आसपास कॉलिन कॅम्पबेल या स्कॉटिश वास्तुकाराला हवेलीचे काम दिले. ते १७२२ पर्यंत चालले. पोर्टलंडचा पांढरा दगड, २६० फूट लांबीचा दर्शनी भाग, मधोमध सहा कोरिंथियन स्तंभांचा मुखमंडप आणि त्याच्याकडे चढणाऱ्या दुहेरी पायऱ्या, असे तिचे रूप होते. इटलीच्या पॅलाडिओ या वास्तुकाराची शैली इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्या पहिल्या मोठ्या हवेल्यांमध्ये तिची गणना होते. कॅम्पबेलने आपल्या वास्तुचित्रांच्या ग्रंथात तिचे आराखडे छापल्यामुळे ते दूरदूर पोहोचले. यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ वुडहाउसचा पूर्वेकडचा दर्शनी भाग आणि बाथजवळचे प्रायर पार्क पाहताना आपण वॉन्स्टेडचीच सावली पाहत असतो. आतली छते विल्यम केंटने रंगवली. हॉगार्थ या चित्रकाराने या कुटुंबाचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे जे चित्र काढले ते आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. सगळा मिळून ३,६०,००० पौंड खर्च झाला असे सांगितले जाते. रिचर्ड चाइल्ड आधी व्हायकाउंट कॅसलमेन आणि नंतर अर्ल टिल्नी झाला, तेव्हा रसद पुरवणाऱ्याचे घराणे दोन पिढ्यांत उमरावांच्या पंगतीला बसले.

दुसरा अर्ल अविवाहित राहिला आणि बराच काळ इटलीत राहून १७८४ मध्ये नेपल्सला वारला. त्याची आठवण म्हणून तळ्याकाठची शिंपल्यांनी आणि स्फटिकांनी मढवलेली कृत्रिम गुहा राहिली. मालमत्ता भाच्याकडे, त्याच्या मागे एका लहान मुलाकडे आणि तो मुलगा १८०५ मध्ये वारल्यावर त्याची बहीण कॅथरिन टिल्नी-लाँग हिच्याकडे आली. मधल्या काळात फ्रान्सचा परागंदा झालेला कोंदेचा राजपुत्र हवेली भाड्याने घेऊन राहत होता.

कॅथरिन वयात आली तेव्हा उमराव पदवी नसलेल्यांमधली इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत तरुणी म्हणून तिची ख्याती होती. पुढे चौथा विल्यम म्हणून राजा झालेला ड्यूक ऑफ क्लॅरेन्स तिला मागणी घालून गेला. तिने त्याला नकार दिला आणि मार्च १८१२ मध्ये विल्यम वेलस्ली-पोल याच्याशी लग्न केले. लग्नाच्या थोडे आधीच त्याने पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे लांबलचक आडनाव धारण केले होते.

वेलस्ली हे नाव मराठी वाचकाला थबकायला लावणारे आहे. कॅथरिनचा नवरा हा रिचर्ड आणि आर्थर या वेलस्ली बंधूंचा सख्खा पुतण्या. रिचर्ड वेलस्ली १७९८ ते १८०५ या काळात गव्हर्नर जनरल होता. तैनाती फौजेचा फास हिंदी राजांच्या गळ्यात अडकवणारा आणि ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला कंपनीच्या दावणीला बांधणारा तो हाच. आर्थरने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, नोव्हेंबरमध्ये अडगावला आणि डिसेंबरमध्ये गाविलगडावर त्याने तेच केले. पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आपल्याला आधी माहीत आहे तो जुई आणि केळणा नद्यांच्या दुआबात. १८१४ मध्ये नेपोलियन पदच्युत झाल्याच्या आनंदात वॉन्स्टेडला मोठा सोहळा झाला आणि राजाच्या वतीने राज्यकारभार पाहणारा युवराज, म्हणजे प्रिन्स रीजंट, त्याला हजर होता. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बेटावर युद्ध ओढवून आणणाऱ्याच्या जहागिरीत आता मराठ्यांना हरवणाऱ्याचे कुटुंब यजमान होते.

यात कुणी काव्यगत न्याय शोधू नये, अशी माझी विनंती आहे. पुढे जे घडले ते इंग्लंडच्या कायद्यामुळे आणि एका माणसाच्या वर्तनामुळे घडले, आणि त्याची किंमत मोजली ती कॅथरिनने, जिचा मुंबईच्या वेढ्याशी किंवा असईशी काही संबंध नव्हता. त्या काळी विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा येत असे. विवाहकराराने कॅथरिनच्या हातखर्चाची तरतूद झाली, परंतु जहागिरीचे उत्पन्न नवऱ्याच्या हयातीपुरते त्याच्या हाती गेले. त्याने ते मेजवान्यांवर, निवडणुकांवर आणि बाहेरख्यालीपणावर उधळले आणि वर कर्ज केले. जमीन पुढच्या पिढीच्या नावाने बांधलेली असल्यामुळे विकता येत नव्हती, परंतु हवेलीतले सामान विकता येत होते. १० जून १८२२ पासून रॉबिन्स या लिलावदाराने ते विकायला काढले. लिलाव बत्तीस दिवस चालला. चित्रे, पुतळे, भिंतीवरचे पडदे, ग्रंथ, चिनी मातीची भांडी, पलंग, अगदी स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा बोली लावून गेली. घराला भाडेकरू मिळेना, गिऱ्हाईकही मिळेना, तेव्हा शेवटी हवेलीच बांधकामाचा माल म्हणून सुमारे दहा हजार पौंडांना विकली गेली. तीन लाख साठ हजारांची हवेली दगडाच्या भावाने गेली आणि १८२५ पर्यंत जागा मोकळी झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅथरिन वारली. तेव्हा ती पस्तीस-छत्तीस वर्षांची होती. मुलांचा ताबा बापाकडे जाऊ नये म्हणून तिच्या बहिणींनी चॅन्सरी कोर्टात धाव घेतली, खुद्द वेलिंग्टनने पुतण्याच्या विरोधात मुलांची बाजू घेतली आणि १८२७ मध्ये त्या कोर्टाचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी बापाचा ताबा नाकारला. बापाच्या अधिकाराला धक्का लावणारा हा निकाल इंग्लंडच्या कायद्यात महत्त्वाचा मानला जातो. आपल्यातल्या वकील मंडळींनी त्यावर एखादे स्वतंत्र व्याख्यान द्यावे इतका तो विषय मोठा आहे. नवरा १८५७ मध्ये अर्ल ऑफ मॉर्निंग्टन ही पदवी मिरवत, परंतु भाड्याच्या खोलीत आणि कफल्लक अवस्थेत मेला. मालमत्ता अखेर अर्ल काउली याच्याकडे गेली, तोही वेलस्लीच. त्याच्याकडून सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने उद्यान घेतले आणि एपिंगच्या जंगलाचा भाग म्हणून १८८२ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. सेंट्रल लाइनवरचे वॉन्स्टेड स्टेशन जवळ आहे. तिथून ओव्हर्टन ड्राइव्हने निघाले की आधी सेंट मेरीचे चर्च पाहावे. चर्च १७९० च्या सुमाराचे आहे, परंतु आतले जोसाया चाइल्डचे स्मारक त्याहून जुने आहे आणि माझ्या मते सहलीचा मुख्य भाग तेच आहे. संगमरवरात घडवलेला चाइल्ड उभा आहे तो प्राचीन रोमनाच्या वेशात, आणि डोक्यावर मात्र सतराव्या शतकातला कुरळ्या केसांचा भलामोठा टोप आहे. त्याच्या पायाशी, आदल्याच वर्षी वारलेला त्याचा मुलगा बर्नार्ड अर्धवट रेललेला आहे. व्यापाऱ्याला मरणानंतर रोमन सेनानी दाखवण्याची ही हौस समोर उभे राहून पाहिली की १६८७ च्या त्या पत्रातली कायमच्या राज्याची भाषा नीट कळते. चर्च नेहमी उघडे नसते, त्यामुळे आधी विचारून जावे.

ओव्हर्टन ड्राइव्हच्या ब्लेक हॉल रोडकडच्या टोकाला हवेलीच्या प्रवेशद्वाराचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत. त्यांवर रिचर्ड चाइल्डच्या आद्याक्षरांची गुंफण कोरलेली आहे, ती मुलांना बोटाने गिरवू द्यावी. हवेलीची मूळ जागा गोल्फ क्लबच्या मैदानात आहे. जुने तबेले आता त्या क्लबची इमारत झाले आहेत आणि हवेलीच्या पायाच्या जागी जमिनीत एक मोठा गवताळ खड्डा आहे. ही खासगी जागा आहे. परवानगी मिळाली तरच तिकडे जावे, न मिळाल्यास हट्ट धरू नये. सार्वजनिक उद्यानात तळी आहेत, अठराव्या शतकातले छोटे मंदिरवजा घर आहे आणि १८८४ च्या आगीनंतर अवशेषरूपाने उरलेली तळ्याकाठची ती गुहा आहे. डबे उघडायला त्या मंदिरवजा घरासमोरची हिरवळ उत्तम.

केवळ फिरून यावे यासाठी मात्र मी एवढे लांब पत्र लिहिलेले नाही. कंपनीने लंडनहून सुरत आणि मुंबईला पाठवलेल्या पत्रांच्या नोंदवह्या सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि वाचकाचे ओळखपत्र काढले की कुणालाही पाहता येतात. सुरत वखारीची जुनी दप्तरे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. एकीकडे हुकूम आहेत आणि दुसरीकडे त्या हुकुमांचे काय झाले त्याच्या नोंदी आहेत. आपल्यापैकी काही जण इथे राहतात, काहींचे भाऊबंद मुंबईत राहतात. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून १६८१ ते १६९० या दहा वर्षांची, वॉन्स्टेड आणि मुंबई यांची एकत्र हकीकत मराठीत तयार करणे हे आपल्यासारख्यांना जमण्यासारखे आणि आपणच करण्यासारखे काम आहे. ती छोट्या पुस्तिकेच्या रूपात निघाली तर सहलीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती देता येईल आणि तिचा इंग्रजी अनुवाद करून उद्यानाची देखभाल करणाऱ्या कॉर्पोरेशनकडे आणि स्थानिक इतिहासमंडळांकडे आदराने सुपूर्द करता येईल.

हे करताना एक पथ्य पाळावे लागेल. समाजमाध्यमांवर अशा विषयांना लगेच लुटीच्या दगडांची हवेली असे मथळे मिळतात. चाइल्डची संपत्ती एकट्या हिंदुस्थानातून आलेली नव्हती. आरमाराची रसद होती, बिअर होती, आणि आफ्रिकेतून माणसे पकडून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही त्याचे भाग होते. तो धागा सोडून फक्त आपल्या दुःखाचा धागा उचलणे अप्रामाणिक ठरेल. शिवाय १६८९ मध्ये मुंबईचे हाल करणारी फौज सिद्दीची होती आणि हुकूम औरंगजेबाचा होता, हेही त्याच पानावर यायला हवे. जेवढे कागद सांगतात तेवढेच आपण लिहिले, तर त्या लिखाणाला इथले अभ्यासकही मान देतील.

आपल्या मंडळांच्या पुढच्या कार्यकारिणी बैठकांत हा विषय घ्यावा, चर्च आणि गोल्फ क्लब या दोन्ही ठिकाणी मंडळाच्या नावाने रीतसर पत्रे पाठवावीत आणि सप्टेंबरच्या आत, दिवस मोठा आहे तोवर, एखादा शनिवार ठरवावा. ज्यांना सतराव्या शतकातले इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते किंवा शिकण्याची तयारी आहे, आणि ज्यांना त्या काळच्या मोडी कागदपत्रांची सवय आहे, अशा सभासदांची नावे मंडळांनी आपापसांत कळवावीत. लायब्ररीतले काम पावसाळी शनिवारीही करता येते, त्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वॉन्स्टेडजवळ राहणारी एक मराठी रहिवासी